कचेरीचे गाव आणि मोंढ्याचे गाव

शहरात का जावे, ह्या प्रश्नाची सामान्यतः दिली जाणारी उत्तरे, म्हणजे मुलांचे शिक्षण, नोकरी, दवाखाना आणि व्यापारउदीम, ही सगळी खरीच आहेत. परंतु धाराशिव जिल्ह्यातील एखादा बागायतदार, शिक्षक किंवा तालुक्याच्या गावचा दुकानदार जेव्हा बिऱ्हाड हलविण्याचा विचार करू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे पुण्यामुंबईच्या आधी लातूर, सोलापूर आणि बार्शी ही तीन नावे का उभी राहतात, आणि ज्या शहराचे नाव त्याच्या जिल्ह्याला आहे ते त्याच्या हिशेबात बहुधा चौथे का असते, ह्याचा उलगडा त्या उत्तरांनी होत नाही.

आधी खानेसुमारीचे दप्तर पाहू. २०११ साली धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ भरली. मागील दहा वर्षांतील वाढ साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे संबंध राज्याच्या सोळा टक्क्यांपेक्षा पुष्कळच कमी होती. शेजारच्या लातूर जिल्ह्याची मात्र अठरा टक्क्यांच्या घरात गेली होती. एकाच काळ्या मातीत, एकाच पर्जन्यछायेत आणि जवळजवळ एकाच चालीरीतीत नांदणाऱ्या दोन जिल्ह्यांत जन्ममृत्यूच्या प्रमाणामुळे एवढी तफावत पडावी असे मानण्यास आधार नाही. ती मुख्यतः माणसांच्या जाण्यायेण्यानेच पडली असली पाहिजे. राज्यात शेकडा ४५ माणसे नागरी वस्तीत राहत असताना धाराशिव जिल्ह्यात हे प्रमाण शेकडा १७ होते. जिल्ह्याच्या ठिकाणी सव्वा लाखाच्या आतच वस्ती होती. आणि १९९१ साली दोन लाखांच्या आत असलेले लातूर शहर ह्या खानेसुमारीत पावणेचार लाखांच्या पलीकडे गेलेले होते.

ठिकाण बदलणे ही गोष्ट ह्या मुलखाला नवी नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणून ज्या व्यापारी नगराचा उल्लेख येतो, ते तेर आज तेरणेकाठचे एक मोठेसे खेडे असून, गोरोबाकाकांच्या समाधीसाठी आणि लामतुरे ह्यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या वस्तुसंग्रहालयासाठी लोक तेथे जातात. परंतु पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील त्या पेठेतून जेव्हा कापडाच्या गाड्या भडोच बंदराकडे निघत, तेव्हा भोवतालच्या मुलखातील कोष्टी, गाडीवान आणि हमाल ह्यांना तेर हेच ‘वाढते शहर’ वाटत असले पाहिजे. पुढे नळदुर्गाचे दिवस आले. १८५३ ते १८६० इंग्रजांच्या ताब्यात राहून निजामाकडे परत गेलेल्या ह्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नळदुर्गासच होते. ते धाराशिवास हलविण्यात आले आणि कचेरीबरोबर वकील, कारकून व मुद्रांकविक्रेते ह्यांचीही बिऱ्हाडे हलली. म्हणजे आजचे धाराशिव हे स्वतःच एका सरकारी स्थलांतरातून आकारास आलेले गाव आहे, आणि सरकारी हुकुमाने वाढलेल्या गावाचे गुण तसेच मर्यादाही त्याच्या अंगी आहेत.

रझाकारांच्या अमदानीत, १९४७-४८ साली, लोक गेले ते निराळ्याच कारणाने. मोगलाईच्या हद्दीवरील गावांतून अनेक कुटुंबे जिवाच्या भीतीने सरहद्द ओलांडून बार्शी, वैराग, सोलापूरकडे आश्रयास गेली. हद्दीच्या अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे हिंदी संघराज्याचा, अशी ही स्थिती असल्यामुळे दहावीस कोसांचा प्रवास म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. त्यापुढचे मोठे स्थलांतर निसर्गाने घडविले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असताना, किल्लारी-सास्तूरच्या परिसराला जो भूकंप झाला त्यात हजारो माणसे दगावली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे समूळ नव्या जागी वसवावी लागली. ह्या नव्या गावठाणांची आखणी शहरासारखी झाली: सरळ रुंद रस्ते, ओळीने घरे, शाळा आणि समाजमंदिर. तरीही जुन्या गल्लीतले शेजार तुटल्याची, गाव विस्कळित पसरल्याची आणि शेत दुरावल्याची तक्रार तेथे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. शहरी नकाशावर गाव बसविले म्हणजे शहराची सोय होतेच असे नाही, हे शासनास ह्या प्रयोगातून पुरेसे कळले काय, ह्याविषयी मला शंका आहे. भूकंपग्रस्त म्हणून सरकारी नोकऱ्यांत राखलेल्या जागांनी मात्र त्या भागातील पुष्कळ तरुणांना गावाबाहेर नेले, आणि त्यांची बिऱ्हाडे नोकरीच्या गावी थाटली गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकेकाळी उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका असलेले लातूर जिल्ह्याच्या ठाण्याहून मोठे का झाले? ह्याचे बीज लोहमार्गात आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याने काढलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीस आली आणि १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. अडीच फुटी रुळांवरून डुलत जाणारी ती गाडी येडशी, ढोकी, मुरूड करीत लातूरला जाई. जिल्ह्याचे ठाणे असलेले धाराशिव मात्र मार्गाच्या बाहेरच राहिले. ज्याला धाराशिवास जावयाचे असेल त्याने येडशीस उतरून टांगा किंवा मोटार पाहावी. रेल्वे आली त्यानंतर सहा वर्षांनी, १९१७ साली, लातुरात गंजगोलाई उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार दुमजली बाजार आणि त्यातून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते, अशी ही फैयाजुद्दीन ह्या नगररचनाकाराची योजना आजही लातूरच्या मध्यभागी चालती आहे. एका जिल्ह्यात निजामशाहीने कचेरी एका गावी ठेवली आणि मोंढा, म्हणजे शेतमालाची घाऊक पेठ, दुसऱ्या गावी वाढला, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांना वळण देणारी ठरली. कचेरीच्या गावी माणूस काम पडले म्हणजे येतो, अर्जावर शेरा झाला की निघून जातो. मोंढ्याच्या गावी तो माल घेऊन येतो, आडत्याकडे रक्कम ठेवतो, कापड खरेदी करतो, मुलाची चौकशी करतो आणि एखादा प्लॉट पाहून ठेवतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके उस्मानाबादेस जोडले गेले, तेव्हा लातूर हे ह्या विस्तारलेल्या जिल्ह्याच्या बाजाराचे मध्यस्थान झाले. आणि ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला तेव्हा दोन्ही कचेऱ्यांनी दप्तरे वाटून घेतली, मोंढा मात्र वाटून घेता येण्याजोगा नव्हता. कळंब तालुक्यातील शेतकरी आपले सोयाबीन आणि तूर आजही लातूरच्या बाजार समितीत नेतो, कारण दालमिल्स आणि तेलगिरण्या तेथे आहेत आणि भावाचा निर्णय तेथे होतो. रुंदमापी रेल्वे २००७-०८ साली झाली तेव्हा मार्ग बदलून ती धाराशिव शहरातून नेण्यात आली, ही योग्यच गोष्ट झाली. परंतु १९११ मध्ये चुकलेली गाडी एका शतकाने आली म्हणून मोंढा काही हलत नाही.

शिक्षणाचा विषय येथे सविस्तर पाहिला पाहिजे, कारण आजच्या स्थलांतराचा तो कणा आहे. १९६१ साली दयानंद महाविद्यालय आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय लातुरात सुरू झाले. पुढे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाहू महाविद्यालयात जी शिस्त बसविली, तिला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मिळाले. तीत अद्भुत असे काही नव्हते: नियमित तासांखेरीज जादा तास, पुनःपुन्हा घेतलेल्या परीक्षा, तपासलेल्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याच्या चुका त्याच्यापुढे ठेवणे, आणि सुट्टीचा मोह टाळणे. पुण्यामुंबईच्या मुलांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या वर, मराठवाड्याची मुले बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, तेव्हा त्या यादीने जे केले ते कोणत्याही औद्योगिक वसाहतीने केले नसते. नांदेड, उस्मानाबाद, लातूर ह्या तिन्ही जिल्ह्यांचे परीक्षा मंडळही लातुरातच आले. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच ‘नीट’ परीक्षा झाली, तेव्हा महाविद्यालयाचे महत्त्व उणावून खाजगी क्लासेसचे वाढले, आणि आज लातुरात ‘ट्युशन एरिया’ ह्या नावाने ओळखला जाणारा संबंध भाग क्लासेस, वसतिगृहे, मेस, झेरॉक्सची दुकाने आणि अभ्यासिका ह्यांनी गजबजलेला असतो.

ह्या भागात जी बिऱ्हाडे येतात त्यांची रीत ठरलेली आहे. मुलगा किंवा मुलगी दहावी झाली की आईने दोन वर्षांसाठी ‘खोली करावी’, मेसचे अन्न सोसत नाही म्हणून स्वयंपाक करावा, आणि वडिलांनी शेताचे किंवा नोकरीचे पाहत शनिवार-रविवारी येऊन जावे. दोन वर्षांच्या बोलीवर घेतलेली ही खोली धाकट्या भावंडाची दहावी होईपर्यंत टिकते, ‘रिपीट’ करावे लागल्यास आणखी एक वर्ष वाढते, आणि तोवर गॅसची जोडणी, दूधवाला, दवाखाना व ओळखीपाळखी ह्या सगळ्यांची मुळे त्या गल्लीत रुजलेली असतात. मग भाड्याचा हिशेब करता करता कुणीतरी प्लॉटची गोष्ट काढतो. लातूरला जाण्याचा निर्णय कुटुंबाने कधी घेतला असे विचारल्यास सहसा कुणाला निश्चित सांगता येत नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकांत स्थलांतर हा निर्णय असतो. येथे तो एक लांबलेला मुक्काम असतो. ह्या मुक्कामात बाईच्या अंगावर जे पडते त्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. सासरच्या वाड्यात जिचा शब्द शेवटचा मानला जात असे, ती बाई येथे घरमालक, क्लासची फी, मुलाचा ताप आणि बँकेची रांग हे सारे एकटीने निभावते; काहींना हे ओझे वाटते, आणि काहींना, कबूल न करता, मोकळीकही वाटते.

कुटुंबाचे हे दुभंगणे शेतकऱ्यांपुरतेच मर्यादित नाही. धाराशिवच्या कचेऱ्यांत काम करणारा नोकरवर्ग, तसेच तालुक्यातील शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी ह्यांच्यापैकी पुष्कळ जण लातूर, सोलापूर किंवा बार्शीला राहून ‘अपडाऊन’ करतात. मुख्यालयी राहिले पाहिजे असा शासनाचा नियम आहे, घरभाडे भत्ता त्या अटीवर मिळतो, शिक्षकांच्या बाबतीत ग्रामसभेचा ठराव जोडण्याचाही दंडक आहे. आणि तरीही सकाळच्या एसटीत आणि खाजगी मोटारीत ही मंडळी भेटतातच. त्यांना दोष देऊन फारसे साधणार नाही, कारण तेही मुलांच्या खोलीच्या मागोमागच गेलेले असतात. परंतु ह्याचा परिणाम मात्र जिल्ह्याच्या बाजारपेठेला भोगावा लागतो: पगार धाराशिवच्या कोषागारातून निघतो आणि किराणा, कापड, फी व घराचा हप्ता ह्यांच्या रूपाने लातूर-सोलापुरात खर्च होतो. पगारदार माणसांचे गाव म्हणून ज्या शहराची ओळख, तेथे पगार खर्चही होऊ नये, ह्याहून कचेरीच्या गावाचे दुर्दैव ते कोणते?

सोलापूर आणि बार्शी ह्यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. तुळजापूर आणि उमरगा ह्या तालुक्यांतील माणसे एकेकाळी सोलापूरच्या गिरण्यांत कामास जात. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि त्यानंतरच्या लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या ह्यांचे भोंगे आता इतिहासजमा झाले आहेत. २००१ ते २०११ ह्या दशकात साडेनऊ लाखांचे हे शहर नऊ टक्क्यांच्या आसपास वाढले, म्हणजे त्याला वेगाने वाढणारे म्हणता येत नाही. तरीही १९६३ साली स्थापन झालेले तेथील वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरभर पसरलेली रुग्णालये ह्यांमुळे आजाराच्या प्रसंगी माणूस सोलापूरकडे धावतो, आणि म्हातारे आईवडील असलेली कुटुंबे त्या कारणासाठी तेथे घर घेतात. बार्शीची गोष्ट आणखी वेगळी आहे. धाराशिवएवढ्याच वस्तीचे हे तालुक्याचे गाव परंडा आणि भूम तालुक्यांतील लोकांचा खरा बाजार आहे. कर्करोगाच्या उपचाराचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि कर्मवीर मामासाहेब जगदाळे ह्यांच्या नावाचे रुग्णालय ह्यांमुळे दवाखान्याचे गाव म्हणूनही त्याची ख्याती आहे. परंड्याहून बार्शी सात-आठ कोसांवर. जिल्ह्याचे ठाणे त्याच्या दुपटीहून दूर. नकाशावर ओढलेल्या हद्दीपेक्षा अशा वेळी कोसांचा हिशेब अधिक खरा ठरतो.

लातूरची स्तुती करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये ह्याच शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले तेव्हा ती पाहण्यास लोक स्थानकावर जमले होते. ज्या मांजरा धरणावर लातूर अवलंबून, ते धनेगावचे धरण कोरडे पडलेले होते. धाराशिव शहराची अवस्थाही तत्त्वतः निराळी नाही: उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने त्याला पाणी आणावे लागते. पाण्यासाठी लातूरला गेलो असे सांगणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. पाणी, स्वस्त घर आणि मोकळी हवा ही मध्यम शहरांची म्हणून जी आकर्षणे सांगितली जातात त्यांपैकी पहिले येथे कधीच नव्हते, दुसरे क्लासेसच्या परिसरात फार दिवसांपूर्वी संपले, आणि तिसरे उरले आहे ते शहराच्या कडेला.

मग माणूस जातो कशासाठी? माझ्या मते ह्या सर्व कारणांच्या तळाशी एक कारण आहे, आणि ते म्हणजे अंतर. कळंब किंवा लोहाऱ्याच्या शेतकऱ्याचे बिऱ्हाड लातूरला असेल, तर पेरणीच्या दिवशी तो पहाटे निघून शेतावर जातो आणि संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाच्या वेळी परत येतो. तलाठ्याकडे फेरफार, सोसायटीचे पीककर्ज, बांधाचा तंटा, भावकीतले लग्न, म्हाताऱ्याचे दुखणे ह्यांपैकी कशासाठीही त्याला रजा काढावी लागत नाही. पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला गेलेल्याचे तसे नाही: तो दिवाळीला आणि जत्रेला येतो, जमीन प्रथम बटईने देतो, मग खंडाने, आणि एका पिढीनंतर सातबाऱ्यावरचे नाव विकण्यापुरतेच उरते. जवळचे शहर माणसाला शेत न सोडता शहरी होऊ देते. त्याच्या लोकसंख्येच्या वाढीपेक्षा, त्याच्या उंच इमारतींपेक्षा आणि त्याच्या नव्या रस्त्यांपेक्षाही ही सोय मोलाची आहे. किंबहुना त्या वाढीचा पाया हीच सोय आहे, कारण भोवतालच्या तालुक्यांचे पैसे शेतमालाच्या रूपाने येतात आणि फीच्या व घरबांधणीच्या रूपाने तेथेच राहतात.

ज्याला शेतच नाही, त्याला मात्र ह्या अंतराचा काही उपयोग नाही. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी कुटुंबे, बांधकामावर जाणारे गवंडी व मजूर ह्यांना लातूर हे पुण्यापेक्षा कमी मजुरीचे गाव आहे. तेव्हा ते लातूर ओलांडूनच पुढे जातात. आढाव्यांत बहुधा पांढरपेशा आणि जमीनधारक माणसाचेच स्थलांतर मोजले जाते, आणि हा लेखही त्या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाही.

धाराशिवात ह्या काळात काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ साली केंद्र शासनाने ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या राज्यातील चार जिल्ह्यांत ह्याची गणना झाली, ही बिरुदावली काही भूषणावह नव्हे. पण तिच्यामुळे अधिकाऱ्यांचे लक्ष इकडे वळले. २०२२ साली शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२३ मध्ये शहराला व जिल्ह्याला धाराशिव हे जुने नाव अधिकृतरीत्या परत मिळाले. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ह्या सुमारे ८४ किलोमीटरच्या लोहमार्गाची कोनशिला जानेवारी २०१९ मध्ये बसली, आणि तो चालू झाला म्हणजे भवानीच्या यात्रेकरूंबरोबरच व्यापारासही वाट मिळेल. ह्या सर्वांत मला सर्वाधिक भरवसा वाटतो तो वैद्यकीय महाविद्यालयाचा. ज्या गावी डॉक्टर घडतात त्या गावी डॉक्टर राहतात, त्यांची मुले शिकतात, औषधांचा ठोक व्यापार येतो आणि अपडाऊन करणाऱ्यांपैकी काहींना तरी मुक्काम करावासा वाटतो. उलटपक्षी ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना कैक वर्षे बंद राहिला, आणि त्याच्या आवारात जी माणसे एकेकाळी स्थिरावली होती त्यांतील अनेकांना दुसरीकडे जावे लागले. तो तुटलेला धागा पुन्हा जुळविणे नव्या महाविद्यालयाहून अवघड आहे. कृष्णा-मराठवाडा सिंचन योजनेचे पाणी आश्वासनातून कालव्यात येण्यास लागलेला विलंब तर ह्या जिल्ह्यातील दोन पिढ्यांनी पाहिला आहे.

कुणी आज सल्ला विचारलाच तर तो एकसारखा देता येणार नाही. कळंब, लोहारा आणि उमरग्याच्या जमीनधारकाने, मुले दहावीच्या अलीकडेपलीकडे असतील तर, लातूरची खोली करावी. प्लॉट मात्र नळाला किती दिवसांनी पाणी येते हे उन्हाळ्यात, वैशाखात जाऊन विचारल्याशिवाय घेऊ नये. तुळजापूरकराने घरातील वृद्धांची प्रकृती पाहून सोलापूरचा विचार करावा. परंडा-भूमच्या माणसाला बार्शी सोडून दूर जाण्याचे कारण नाही. आणि ज्याची नोकरी धाराशिवच्या कचेरीत आहे व मुले अजून प्राथमिक शाळेत आहेत, त्याने बदलीची वाट पाहत रोज दोन-अडीच तास एसटीत घालविण्यापेक्षा निदान दहावीपर्यंतची आठ-दहा वर्षे धाराशिवातच काढावीत. शाळा तेथे आहेत, भाडे कमी आहे, आणि दवाखान्याची उणीव वर्षागणिक थोडी थोडी भरून निघत आहे.